रक्तातून येणारी कावीळ आणि कामगार



या व्याख्यानमालेत विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी मागे सतरंजीवर बसून ऐकावे, असा आजवरचा रिवाज. तो आम्ही पुष्कळ वर्षे पाळला. आमचे शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढची शाळा म्हणजे युनियनची कचेरी आणि सार्वजनिक वाचनालय. यंदा चालकांनी आम्हांलाच व्यासपीठावर आणून बसविले, तेव्हा एखाद्या संपाचा इतिहास सांगावा अशी मित्रांची सूचना होती. ती बाजूस ठेवून आम्ही एका रोगाचा इतिहास सांगावयाचे ठरविले आहे. त्याचे कारण एक कप आहे.

आमच्या कचेरीत चहाचे चौदा-पंधरा कप भिंतीवरच्या खुंट्यांना टांगलेले असत. वीसेक वर्षांपूर्वी एका इस्पितळात ठेकेदाराकडून कामाला असलेला आमचा एक सफाई कामगार रोज संध्याकाळी तेथे येई. वॉर्डातला कचरा पिशवीत भरून उचलताना पिशवीतली सुई त्याच्या तळहातात घुसली. त्याने हात धुतला, चिंधी बांधली आणि पाळी पुरी केली. तीन महिन्यांनी त्याचे डोळे पिवळे झाले. रक्ताच्या कागदावर ‘हिपॅटायटिस बी’ असे शब्द आले. ही बातमी कचेरीत पोचली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचा कप इतरांच्या ओळीतून निघून खिडकीजवळच्या एका सुट्या खिळ्यावर गेला होता. कोणी तसा हुकूम दिला नव्हता. आम्ही तो कप पाहिला आणि काही बोललो नाही. त्याने मात्र चहा घेतला, कप स्वतः विसळला, त्याच खिळ्यावर अडकविला आणि तो निघून गेला.

पुढे आम्ही या रोगाविषयी मिळेल ते वाचू लागलो. आम्ही डॉक्टर नव्हे, तेव्हा औषधोपचार सांगण्याचा आमचा अधिकार नाही. पण हा रोग कसा पसरतो हे जगाला कळले कसे, आणि त्या ज्ञानाची किंमत कोणी मोजली, हा इतिहासाचा प्रश्न आहे. आणि तो वाचताना आमच्या ओळखीची माणसे पानोपानी भेटली. या रोगाचे ज्ञान पुष्कळदा कामगारांच्या याद्यांवरून झाले आहे, आणि आजही ज्याचे नाव यादीत नाही तोच त्याच्या तावडीत प्रथम सापडतो, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

प्रथम एक घोटाळा दूर करू. आपल्याकडे कावीळ म्हटली की ती एकच समजतात. कोणी चुन्याच्या पाण्याने हात धुऊन ती ‘उतरवितो’, कोणी गळ्यात माळ घालतो, कोणी भुईआवळीचा रस देतो. वस्तुतः कावीळ हे रोगाचे नाव नसून लक्षणाचे नाव आहे. यकृत बिघडले म्हणजे डोळे व लघवी पिवळी होतात. यकृत बिघडण्याची कारणे अनेक. दूषित पाण्यातून व अन्नातून येणारी कावीळ वेगळी आणि रक्तातून येणारी वेगळी. ही दुसरी, जिला लोक ‘पांढरी कावीळ’ असेही म्हणतात, तीच आजचा विषय. या दोहोंचा घोटाळा केवळ अडाण्यांनी केला असे नाही. शास्त्रज्ञांनीही तो कित्येक वर्षे केला. तो उकलण्याचा पहिला धागा सापडला जहाजाच्या कारखान्यात.

१८८३ सालचा ऑगस्ट महिना. जर्मनीतील ब्रेमेन शहरी एका मोठ्या जहाजबांधणी कारखान्यात १२८९ कामगारांस देवीची लस टोचण्यात आली. ती लस माणसाच्याच अंगावरील देवीच्या फोडातील द्रवात ग्लिसरीन मिसळून केलेली होती. पुढील काही आठवड्यांपासून सात-आठ महिन्यांच्या अवधीत त्यांपैकी १९१ जणांस कावीळ झाली. ल्यूरमान नावाच्या डॉक्टराने १८८५ साली ही हकिकत प्रसिद्ध केली. त्याच्यापाशी सूक्ष्मदर्शक यंत्रात दाखविण्याजोगा जंतू नव्हता. विषाणू ही कल्पनाच अद्याप जन्मास आली नव्हती. त्याने पाहिले ते एवढेच, की कोण केव्हा कामावर लागला आणि कोणाला कोणत्या साठ्यातील लस टोचली. त्याच आवारात, त्याच हवेत काम करणारे, पण नंतर भरती झालेले किंवा दुसऱ्या साठ्यातील लस टोचलेले कामगार धडधाकट होते. तेव्हा दोष हवेत नव्हता, पाण्यात नव्हता, कामगाराच्या खाण्यापिण्यातही नव्हता. तो त्या लसीत होता.

आम्ही जन्मभर मस्टर चाळण्यात घालविला. कोणाची हजेरी मांडली, कोणाची खाडा धरली, कोणाचे नाव मुद्दाम गाळले, हे शोधणे आमचा धंदा. म्हणून ल्यूरमानची रीत आम्हांस चटकन उमगली. त्याने कामगारांची यादी समोर घेतली आणि तिच्यातील फरक वाचला. कामगार आजारी पडला की त्याची दारू, त्याची वस्ती, त्याची अस्वच्छता यांकडे बोट दाखविण्याची चाल जुनी आहे. येथे एका डॉक्टराने बोट सुईकडे दाखविले.

परंतु ही गोष्ट जगाने लवकर मनावर घेतली नाही. १९२६ साली स्वीडनमधील लुंड येथे मधुमेहाच्या रुग्णांत कावीळ पसरल्याचे प्रसिद्ध झाले. रक्त तपासण्यासाठी टोचावयाचे हत्यार एका माणसावरून दुसऱ्यावर जात होते. गुप्तरोगांच्या दवाखान्यांतही इंजेक्शने घेणाऱ्यांस कावीळ होत असे, आणि दोष पुष्कळदा औषधाच्या माथी मारला जाई. सुई बदलत नव्हती, रोगाचे कारण मात्र दर वेळी नवे सांगितले जात होते.

मग दुसरे महायुद्ध आले. अमेरिकन सैनिकांस पीतज्वराची लस टोचण्यात आली. ही लस टिकावी म्हणून तिच्यात मानवी रक्तद्रव घालीत असत, आणि तो ज्या दात्यांकडून घेतला त्यांतील काहींच्या रक्तात कावीळ लपलेली होती. १९४२ साली सुमारे ५०,००० सैनिक काविळीने इस्पितळांत दाखल झाले. पुन्हा याद्याच उपयोगी पडल्या. कोणत्या पलटणीस कोणत्या साठ्यातील लस दिली, हे ताडून पाहताच ठराविक साठे दोषी ठरले आणि लसीत मानवी रक्तद्रव घालणे बंद झाले. या सैनिकांपैकी काहींचे रक्त चाळीसेक वर्षांनी तपासण्यात आले, आणि १९८७ साली असा अंदाज प्रसिद्ध झाला की त्या वेळी सुमारे ३ लाख ३० हजार लोकांना संसर्ग झाला असावा. म्हणजे पिवळा दिसला तो एक, आणि न दिसता संसर्ग झालेले पाच-सहा. आणखी एक आश्चर्य त्यातून निघाले. एवढ्या लोकांपैकी ज्यांच्या रक्तात रोग कायम मुक्कामास राहिला असे हजारी दोनतीनच होते. या गोष्टीकडे आपणांस पुन्हा यावयाचे आहे.

१९४७ साली मॅक्कॅलम या ब्रिटिश वैद्याने सुचविले, की अन्नपाण्यातून येणाऱ्या यकृतदाहास ‘ए’ आणि रक्तातून येणाऱ्यास ‘बी’ म्हणावे. नाव मिळाले, पण चोर अजून सापडला नव्हता. तो सापडला निराळ्याच वाटेने. बरुक ब्लुंबर्ग हे अमेरिकन शास्त्रज्ञ जगातील निरनिराळ्या लोकसमूहांच्या रक्तातील फरक अभ्यासीत होते. काविळीचा त्यात संबंधही नव्हता. एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात त्यांना एक अपरिचित पदार्थ आढळला. वारंवार परक्याचे रक्त घ्यावे लागलेल्या एका रक्तस्रावी रुग्णाच्या रक्ताशी तो विक्रिया करीत होता. १९६५ साली त्यांनी त्याचे वर्णन ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ या नावाने प्रसिद्ध केले. तो काय असावा हे कळावयास आणखी दोन वर्षे गेली. १९६७ साली त्यांच्याच प्रयोगशाळेतील एक तंत्रज्ञ बाई आजारी पडल्या. त्यांनी स्वतःचे रक्त तपासले, तो पूर्वी नसलेला तो पदार्थ त्यात दिसू लागला होता; पाठोपाठ कावीळ. रक्ताच्या नळ्या हाताळणाऱ्या एका नोकरदार स्त्रीच्या अंगावर हा पुरावा उमटला. ब्लुंबर्ग यांस १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले आणि ते योग्यच होते. आम्ही मात्र तो इतिहास वाचताना त्या बाईंशी थबकतो.

आता रक्त तपासता येऊ लागले, आणि रोगाच्या वाटा स्पष्ट झाल्या. त्या मुख्यतः तीन. पहिली रक्ताची: न तपासलेले रक्त चढविणे, एकच सुई अनेकांना वापरणे, दुसऱ्याच्या रक्ताने माखलेले हत्यार. जत्रेत एकाच सुईने सर्वांना गोंदणारा आणि पाते न बदलता दाढी करणारा वस्तरा हेही याच वाटेवरचे. हा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्ताच्या डागातही, निदान सात दिवस तग धरतो. दुसरी वाट शरीरसंबंधाची. तिसरी, आणि सर्वांत मोठी हानी करणारी, आईकडून बाळाकडे बाळंतपणाच्या वेळी जाणारी. एकत्र जेवल्याने, हात हातात घेतल्याने, खोकल्याने, एका घागरीचे पाणी प्याल्याने, किंवा एका कपातून चहा घेतल्याने हा रोग होत नाही. हे वाक्य आम्ही प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले, हे आपणांपासून लपवीत नाही.

आता धोका कोणास अधिक? येथे सैनिकांची गोष्ट आठवावी. निरोगी प्रौढ माणसास संसर्ग झाला तर शंभरांतील पंचाण्णव किंवा अधिक जण त्यातून पार पडतात. नवजात बाळास झाला तर उलट: शंभरांत नव्वदांच्या शरीरात तो जन्मभर राहतो. लहान वयात लागलेला हा विषाणू दुखतखुपत नाही, डोळे पिवळे करीत नाही. तो तीस-चाळीस वर्षे गप्प राहतो आणि ऐन कर्त्या वयात यकृताचा निबर गोळा करून टाकतो, किंवा तेथे कर्करोग उपजवितो.

हा कर्करोगाचा संबंध सिद्ध झाला तोही नोकरदारांच्याच यादीवरून. तैवानमध्ये बीझली या अमेरिकन वैद्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी २२,७०७ सरकारी नोकरांचे रक्त तपासले. त्यांतील ३,४५४ जण रोगाचे वाहक होते. मग त्या सर्वांची वर्षानुवर्षे नोंद ठेवली. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्या अवधीत यकृताच्या कर्करोगाने ४१ जण वारले. त्यांतील ४० वाहकांपैकी होते. वाद मिटला. तोवर लसही तयार झाली होती. १९८४ साली तैवान सरकारने वाहक मातांच्या नवजात बाळांना ती टोचण्यास आरंभ केला, आणि दोन वर्षांनी सर्व बाळांना. पुढे दहाएक वर्षांत तेथील शाळकरी मुलांतील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण निम्म्याच्या आसपास आले. कर्करोगास अडविणारी ही पहिली लस.

आता नवजात बालकांकडून आपण पुन्हा कामाच्या जागी येऊ. बाळास धोका अधिक तो वयामुळे. प्रौढांत धोका अधिक तो धंद्यामुळे. ज्याच्या रक्तात विषाणू जोरात आहे अशाची सुई लस न घेतलेल्या माणसास टोचली, तर संसर्गाचा संभव शंभरांत तीसपर्यंत असतो. एड्सच्या विषाणूबाबत तोच संभव हजारी तीन. एडिंबरो येथे १९६९-७० साली मूत्रपिंडाच्या रुग्णांचे रक्त यंत्राने शुद्ध करण्याच्या विभागात ही कावीळ शिरली, तेव्हा रुग्णांबरोबर कर्मचारीही दगावले.

१९८२ पासून अमेरिकेत लस बाजारात होती. तरी इस्पितळांतील पुष्कळ कर्मचाऱ्यांना ती मिळत नव्हती. महाग होती, आणि पैसे कोणी द्यावयाचे हा प्रश्न होता. १९८६ साली तेथील राज्य व नगरपालिका कर्मचाऱ्यांच्या युनियनने, आणि पाठोपाठ इतर युनियनांनी, कामगारांच्या सुरक्षिततेचे खाते सांभाळणाऱ्या सरकारी कचेरीकडे अर्ज केला, की रक्ताशी काम पडणाऱ्या प्रत्येकास मालकाने आपल्या खर्चाने लस द्यावी असा नियम करा. पाच वर्षे सुनावण्या चालल्या. डिसेंबर १९९१ मध्ये नियम झाला. १९८३ साली अमेरिकेतील आरोग्यसेवकांत सुमारे १७,००० जणांस या रोगाचा संसर्ग झाला होता. १९९५ साली तो आकडा ४०० वर आला. संपाच्या विजयाच्या कहाण्या आम्ही पुष्कळ ऐकल्या, सांगितल्या. या अर्जाची कहाणी त्यांत सांगितली जात नाही, याचे आम्हांस नवल वाटते.

आणि आपल्याकडे? आपल्या देशात फार वर्षे पुष्कळ रक्त विकत घेतले जाई. विकणारा कोण, हे सांगावयास नको. ज्याच्यापाशी विकावयास अंगमेहनतीखेरीज काही नव्हते आणि तीही त्या दिवशी कोणी घेतली नव्हती, तो. १९९६ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने धंदेवाईक रक्तदान दोन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून ते बंद ठरले. लस परदेशातून येई तेव्हा ती आमच्या माणसांच्या आवाक्यात नव्हती; १९९७ साली हैदराबादच्या एका कंपनीने ती येथेच बनविली आणि किंमत झपाट्याने उतरली. २००२ पासून काही शहरांत व जिल्ह्यांत, आणि २०११ पासून देशभर, ती बाळांच्या सरकारी लसीकरणात आली. जन्मानंतर चोवीस तासांच्या आत पहिला डोस, हा तीतला मुख्य मुद्दा. तरीही २००९ च्या आरंभी गुजरातेत मोडाशाच्या भागात वापरलेल्या सुया पुन्हा वापरल्याने शेकडो लोक आजारी पडले आणि ऐंशीहून अधिक मेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२२ साली भारतात सुमारे तीन कोटी माणसे हा रोग अंगात वागवीत होती. त्यांतील बहुतेकांना त्याचा पत्ता नाही.

ध्यानात घ्या, बाळांना लस मिळू लागली ती अलीकडे. आज जो तीस-चाळीस वर्षांचा हात इस्पितळातली पिशवी उचलतो, त्या हाताला ती लहानपणी मिळालेली नाही. इस्पितळातील कचऱ्यासंबंधी २०१६ साली जे नियम झाले, त्यांत असा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वात यांविरुद्ध लस द्यावी असे स्पष्ट लिहिले आहे. नियम चांगला आहे. पण ‘प्रत्येक’ म्हणजे कोण, हे मस्टर ठरविते. डॉक्टर मस्टरवर, परिचारिका मस्टरवर, कायम वॉर्डबॉय मस्टरवर. ठेकेदाराचा माणूस कोणाच्या मस्टरवर?

आमच्या त्या सहकाऱ्यासाठी आम्ही इस्पितळाच्या कचेरीत गेलो होतो. टेबलामागच्या गृहस्थांनी वही उघडली, बोट वरून खाली फिरविले आणि म्हणाले, “हा आमचा माणूस नाही.” ठेकेदाराकडे गेलो, तो म्हणाला, “सुई माझी नाही.” दोघेही आपापल्या कागदाप्रमाणे खरे बोलत होते. सुई टोचल्याबरोबर जखम साबण-पाण्याने धुऊन, ताबडतोब, शक्य तर चोवीस तासांच्या आत, लस आणि तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन मिळते तर तो बहुधा वाचला असता. पण ते मागण्यासाठी कोणत्या खिडकीशी जावयाचे हेच त्याला ठाऊक नव्हते, आणि ते त्याला सांगणे हे आमचे काम होते. आजारपणाच्या दिवसांत ठेकेदाराने त्याचे नाव काढून टाकले.

तो बरा झाला. बहुतेक प्रौढ होतात तसा, सहा महिन्यांत त्याचे रक्त स्वच्छ झाले. आम्ही सर्व वाचून झाल्यावर एका रविवारी त्याच्या घरी गेलो. तो दुसरीकडे हमालीला लागला होता. त्याच्या बायकोने चहा दिला. आम्ही अडखळत सांगितले, की कपातून हा रोग होत नाही. आम्हांला ठाऊक नव्हते. तो म्हणाला, “भाऊ, कावीळ तर कधीच गेली. कप आहे का अजून त्या खिळ्यावर?”

होता. आम्ही परत येऊन तो ओळीत टांगला, पण तो चहाला पुन्हा आला नाही.

त्यानंतर आमच्या युनियनने एक साधी मागणी धरली. पिशवीला ज्याचा ज्याचा हात लागतो त्या सर्वांची, कायम असो वा ठेक्याचा, एकच यादी असावी आणि त्या यादीप्रमाणे लसीचे तीन डोस पुरे व्हावेत. त्या इस्पितळात ही मागणी मान्य व्हावयास दोन वर्षे लागली. पहिल्या दिवशी रांगेत एकोणतीस माणसे उभी होती. त्यांतील निम्म्याहून अधिक बाया. एकीने विचारले, “ही सुई नवी आहे ना?” आम्हांस तिचा फार अभिमान वाटला. तो प्रश्न विचारावयास लोक शिकले असते, तर ब्रेमेनपासून मोडाशापर्यंतचा पुष्कळसा इतिहास घडताच ना.

आपणांपैकी कोणी इस्पितळाच्या मंडळावर असतील, कोणी नगरसेवक असतील, कोणाच्या घरी बाळंतपण जवळ आले असेल. गरोदर बाईचे रक्त तपासून घ्या, बाळाला पहिल्याच दिवशी लस मागा. स्वतःचे रक्त एकदा तपासा. रोग निघालाच तर तो दाबून ठेवणारी औषधे आहेत आणि २०१८ साली सुरू झालेल्या सरकारी कार्यक्रमात ती फुकट मिळतात. आणि आपल्या संस्थेत कचरा उचलणारांची यादी मागवून घ्या. ती वाचताना, दाराशी जी माणसे रोज दिसतात त्यांतील कोणाचे नाव तीत नाही, तेवढे मोजा.